एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) साठी कन्सल्टन्सी आधी पैसे मागते आहे. द्यावेत का?

मैत्रेयी_कोथरूड
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ डॅलसजवळ राहतो. तिथेच मास्टर्स केलं, आता स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटा इंजिनिअर आहे. आधीचे दोन्ही मार्च कोरडे गेले, एच-१बी साठी मार्चमध्ये निघणाऱ्या लॉटरीत नाव आलं नाही. ओपीटी या डिसेंबरात संपतं, म्हणजे हा मार्च शेवटचा.

त्याची कंपनी अजून 'बघू' म्हणते आहे. मधल्या काळात एका कन्सल्टन्सीने (स्वतःच्या नोकरीवर घेऊन दुसऱ्या कंपन्यांकडे कामाला पाठवणारी) गाठलंय. ते म्हणतात, ४ हजार डॉलर आधी भर, दोन वर्षांचा करार कर, मध्येच सोडलंस तर १५ हजार डॉलर दंड. वर रेझ्युमेवर ३ वर्षांचा अनुभव वाढवून त्याला वरच्या वेतनश्रेणीत दाखवणार, म्हणजे लॉटरीत जास्त चिठ्ठ्या पडतील.

शैक्षणिक कर्जासाठी घर तारण आहे. बाबा म्हणतात, एवढे घातलेच आहेत तर हेही घालू. मला हे अजिबात पटत नाहीये, पण तिथली रीत मला माहीत नाही. खरंच असंच चालतं का?

किरण_एडिसन
नाही. एक सेंटसुद्धा देऊ नका.

एच-१बी चा अर्ज कंपनी करते, उमेदवार नाही. त्या अर्जाची सरकारी फी आणि वकिलाचा खर्च कायद्याने कंपनीच्याच माथी आहे. नोंदणीची फी २१५ डॉलर आहे (पूर्वी फक्त १० होती). मग ४ हजार कशाचे, हे त्यांना लेखी विचारायला सांगा. लेखी म्हटलं की फोन यायचे बंद होतात.

सह्यभटका
किरणराव, तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण सगळ्यांच्या नशिबी मोठी कंपनी नसते. २००७ साली मीही कन्सल्टन्सीमार्फतच आलो. पहिली दोन वर्षं कमी पगारात काढली, एका फ्लॅटमध्ये सहाजण. पुढे क्लायंटनेच घेतलं. आज मुलं इथे शिकतायत. त्या कन्सल्टन्सीने दार उघडलं नसतं तर मी अजून सातपूरच्या एमआयडीसीत असतो. सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नका.

किरण_एडिसन
सरसकट म्हणत नाहीच. कन्सल्टन्सी असणं गुन्हा नाही. आधी पैसे घेणं आणि अनुभव खोटा लिहिणं, या दोन गोष्टी तिथेच थांबायला पुरेशा आहेत. तुमच्याकडून त्यांनी अनुभव खोटा लिहून घेतला होता का?

सह्यभटका
नाही, तसं नव्हतं. त्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूने.

विधिज्ञा_शिकागो
मी इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे. सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून लिहिते. भावाने स्वतःचा वकील गाठावाच.

नोकरी देणारी कंपनी आधी कामगार खात्याकडे एलसीए नावाचा अर्ज भरते. त्यात पद, कामाचं ठिकाण आणि पगार असतो. त्या भागात त्या कामाला जो प्रचलित पगार आहे त्यापेक्षा कमी देणार नाही, अशी ती हमी असते. प्रचलित पगाराच्या चार पायऱ्या आहेत. मग मार्चमध्ये नोंदणी, नाव निघालं तर पूर्ण अर्ज, आणि काम १ ऑक्टोबरपासून.

यंदा बदल झालाय तो लॉटरीत. २०२५ पर्यंत सगळे एका मापाने मोजले जात. आता पगार चौथ्या पायरीचा असेल तर नाव चार वेळा धरलं जातं, तिसऱ्या पायरीला तीन वेळा, दुसऱ्याला दोन, पहिल्याला एकदा. नियमाच्या मसुद्यात सरकारनेच अंदाज दिला होता की पहिल्या पायरीवरच्याची निवड होण्याची शक्यता साधारण १५ टक्क्यांवर येईल आणि चौथीवरच्याची ६१ टक्क्यांवर जाईल. नव्या मुलांच्या हे मुळावर आलंय. म्हणूनच 'वरच्या पायरीत दाखवतो' म्हणणाऱ्यांचा धंदा सुरू झाला.

पण पायरी नुसती दाखवता येत नाही. तेवढा पगार खरोखर द्यावा लागतो, आणि अर्जात नोंदणीशी मेळ बसला नाही तर अर्ज नाकारला जातो. खोटा अनुभव उघड झाला तर प्रकरण त्याहून गंभीर. खोटं सांगून लाभ मिळवण्याचा ठपका एकदा नावावर बसला की पुढे पर्यटक व्हिसालाही तो आडवा येतो. कंपनी नाव बदलून पुन्हा दुकान उघडेल, ठपका मुलाच्या नावावर राहील.

दंडाबद्दल: एच-१बी वाल्याकडून 'लवकर सोडलं' म्हणून दंड घेता येत नाही. खरोखरच्या नुकसानीची भरपाई काही राज्यांच्या कायद्यात बसते, पण १५ हजारांचा ठोक आकडा पाहूनच शंका यावी.

पक्याभाई_ठाणे
चिलकूरच्या बालाजीला नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, व्हिसा मिळाल्यावर १०८. आता चौथ्या पायरीवाल्याने चौपट घालायच्या का तेवढं विचारून घ्या कुणीतरी. :)

मैत्रेयी_कोथरूड
विधिज्ञाताई, फार आभार. बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. पण ते आता विचारतात, सरकारने नव्या एच-१बी अर्जावर लावलेल्या त्या १ लाख डॉलरचं काय? ते भरायला लागणार असतील तर कंपनी तयारच होणार नाही ना?

विधिज्ञा_शिकागो
१९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला लागू आहे. जो आधीच आत आहे आणि विद्यार्थी व्हिसावरून एच-१बी वर स्थिती बदलून घेतोय, त्याला ते १ लाख लागत नाहीत, असं ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं. भाऊ डॅलसमध्ये आहे ना, मग तो वाचला. मात्र अर्ज प्रलंबित असताना त्याने देश सोडू नये. लग्नकार्य असलं तरी.

ऋतुजा_सनीवेल
ती घोषणा! सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीची सकाळ होती भारतात. नवरा सासऱ्यांच्या श्राद्धासाठी साताऱ्याला होता. त्याच्या कंपनीच्या वकिलांचा ईमेल आला: रविवारच्या आत अमेरिकेत या, नाहीतर येऊ नका. सासूबाईंनी पानं मांडायची तयारी चालवलेली आणि हा खालच्या खोलीत फोनवर तिकीट शोधतोय. मुंबईहून एका बाजूच्या तिकिटाचा दर डोळ्यांदेखत दुप्पट झाला. गाडी काढून खंबाटकी ओलांडेपर्यंत बातमी आली की आधीपासून व्हिसा असलेल्यांना लागू नाही. तिथूनच गाडी वळवली. श्राद्ध झालं, पण त्या दिवसापासून सासूबाई प्रत्येक फोनला विचारतात, 'तुला परत तर नाही ना पाठवणार?'

नाशिककर_अडकलेला
ऋतुजाताईंचे यजमान सुटले, मी अडकलोय. वडिलांच्या वर्षश्राद्धाला डिसेंबरमध्ये आलो. बीकेसीतल्या वकिलातीत स्टॅम्पिंगची (पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यायची) मुलाखत ठरलेली होती. बोटांचे ठसे आणि फोटो देऊन झाले. मग ईमेल आला, तुमची तारीख मार्चमध्ये गेली. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) वाल्यांचं सोशल मीडिया तपासायला लागले, त्यामुळे रोजच्या मुलाखती कमी केल्या. जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही, असं वकिलातीने जाहीरच केलं होतं. पूर्वीचं ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय पासपोर्ट टाकून यायची सोय, तीही सप्टेंबरपासून बहुतेकांना बंद.

बायको नोकरी करते, मुलगी चौथीत, दोघी तिकडे. मी इथे आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री साडेआठला लॅपटॉप उघडतो आणि पहाटे बंद करतो. कंपनीने एक मुदत दिली आहे, त्यापुढे भारतातून काम करू देणार नाहीत, कारण त्यांना इथल्या कराची भानगड नको. मुलीला शाळेत सोडायला शेजारची एक पंजाबी काकू जाते. मैत्रेयी, तुमच्या भावाला एच-१बी मिळाला तरी हे पुढचं सगळं आहे. मुक्काम कायदेशीर असतो, पण पासपोर्टवरचा शिक्का संपला की एकदा बाहेर पडल्यावर आत यायचं दुसऱ्याच्या हातात.

मैत्रेयी_कोथरूड
वाचून वाईट वाटलं हो. मार्चमध्ये तरी नक्की होऊ दे.

सीप्झ_१९९८
मी वायटूकेच्या लाटेत गेलेला माणूस. आता ठाण्यात निवृत्त. थोडा इतिहास, कारण तरुण मंडळींना वाटतं हे कायमच असं होतं.

हा व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा. संगणकाच्या तेजीत ती १ लाख १५ हजार आणि नंतर १ लाख ९५ हजार केली. २००४ मध्ये पुन्हा ६५ वर आणली आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार वेगळे ठेवले. त्यानंतर आकडा हललेलाच नाही. संगणक क्षेत्र केवढं वाढलं, दार तेवढंच. लॉटरी हे त्याचंच फळ. आमच्या वेळी लॉटरी नव्हती. माझी फाईल गेली आणि आली.

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. तिथल्या लोकांचा राग सगळा खोटा नाही. माझ्याच एका प्रकल्पावर स्थानिक माणसाने मला काम शिकवलं आणि महिन्याने त्याची नोकरी गेली. पन्नाशीचा होता. त्याने मला शेवटच्या दिवशी स्वतःच्या वहीतल्या नोंदी दिल्या, हात मिळवला. हा व्हिसा ज्या कामाला माणूस मिळत नाही त्यासाठी आहे असं सांगतात. स्वस्त माणूस मिळावा म्हणून कंपन्यांनी तो वापरलाय, हेही तितकंच खरं.

किरण_एडिसन
काका, अगदी मान्य. आणि स्वस्तात वापरला जाणारा माणूस आपलाच असतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्यांपैकी साधारण ७१ टक्के भारतात जन्मलेले. म्हणून आपणच या प्रकाराविरुद्ध बोलायला हवं. खोटे रेझ्युमे करणाऱ्या दुकानांमुळे प्रामाणिक मुलांच्या अर्जाकडेही संशयाने बघतात.

दंतवैद्य_कोल्हापूर
सगळे एच-१बी बद्दल बोलताय. मी एच-४. बीडीएस करून लग्न झालं, ओहायोला आले. काम करता येत नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नंबर नाही म्हणून फोनचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, बँकेत दुसरी सही माझी. शाहूपुरीतल्या दवाखान्यात दिवसाला वीस पेशंट बघणारी मी, इथे लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. ते काम मला आवडलं, पण माझं काम ते नव्हे.

२०१५ पासून एच-४ वाल्यांना काम करायची परवानगी मिळते, पण नवऱ्याचा आय-१४० मंजूर झाल्यावर. म्हणजे त्याच्या कंपनीने ग्रीनकार्डची प्रक्रिया सुरू करायची, ती पुढे सरकवायची, तेव्हा माझं दार उघडणार. उघडलं, मी डेंटल असिस्टंट म्हणून लागले. आता नूतनीकरणाला उशीर झाला तर आपोआप मिळणारी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी बंद केली. माझं कार्ड मे महिन्यात संपतं. मिळालं नाही तर पुन्हा घरी.

मैत्रेयी, भावाचं लग्न ठरवाल तेव्हा मुलीला हे सगळं आधी सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सह्यभटका
+१. हा प्रतिसाद स्थळं बघणाऱ्या प्रत्येक घरात वाचला गेला पाहिजे.

म्युनिकची_माधवी
अवांतर होईल, पण अमेरिकाच का? जर्मनीत ब्लू कार्डला (तिथला नोकरीचा परवाना) लॉटरी नाही. पदवी आणि ठरलेल्या मर्यादेवरचा पगार असला की मिळतं. २७ महिन्यांनी कायमचा परवाना, भाषा बी-१ पर्यंत शिकलात तर २१ महिन्यांनी. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. दंतवैद्यताई, तुमचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

पक्याभाई_ठाणे
पण जर्मन?

म्युनिकची_माधवी
शिकावं लागतंच. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण घर भाड्याने घेताना, डॉक्टरकडे, मुलांच्या शाळेत जर्मनच लागतं. पगार अमेरिकेपेक्षा बराच कमी, कर जास्त. तीस लाखांचं कर्ज डोक्यावर असेल तर हिशेब वेगळा होतो, हेही खरं.

परतलेला_खराडी
कर्जाचा मुद्दा महत्त्वाचा. मी बे एरियातून परत आलो, खराडीत त्याच कंपनीच्या केंद्रात आहे. परत येणं म्हणजे हरणं नाही. पण जोवर कर्ज डॉलरमध्ये फिटतंय तोवर डॉलर कमवावेत, एवढं साधं गणित आहे.

परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एच-१बी वर पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात. पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे त्याआधी आलात तर ते पैसे तिकडेच राहतात. माझे राहिले. ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत) मात्र आपलंच असतं.

सिएटलकर_सु
नोकरी गेल्यावर काय होतं, ते लिहितो. सकाळी ९ ला मीटिंग, सव्वानऊला लॅपटॉप बंद. त्या दिवसापासून ६० दिवस. (आय-९४, म्हणजे राहायच्या मुदतीची नोंद, आधी संपत असेल तर त्याहून कमी.) तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर स्थिती बदलायची, नाहीतर निघायचं. बायको म्हणाली, मुलाला आत्ताच काही सांगू नको. रोज सकाळी मी बॅग घेऊन लायब्ररीत जायचो. मुदत संपता संपता एका कंपनीने अर्ज दाखल केला. मंजुरीची वाट न बघता, नुसत्या अर्जाच्या पावतीवर नव्या जागी रुजू होता येतं, ही सोय २००० च्या कायद्याने दिलीय. तिने तारलं.

यातून जे कळलं ते मैत्रेयीच्या भावासाठी. कंपनी म्हणेल, कागद आमच्याकडे सुरक्षित आहेत. ऐकू नये. आय-७९७ (अर्ज मंजुरीची सूचना) ची मूळ प्रत, एलसीए ची प्रत, प्रत्येक पगाराची चिठ्ठी, सगळं स्वतःकडे ठेवावं. मला नव्या वकिलाने पहिल्याच फोनवर हेच मागितलं. माझ्याबरोबर काढलेल्या एकाकडे काहीच नव्हतं, तो जुन्या एचआरला ईमेल करत बसला आणि उत्तर येईना.

विधिज्ञा_शिकागो
सु यांनी फार मोलाचं लिहिलंय. एलसीए ची प्रत मागणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. आणखी दोन गोष्टी. मुदतीआधी काढून टाकलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, फार थोडे मागतात. आणि प्रकल्प नाही म्हणून विनापगार घरी बसवणं बेकायदा आहे. कन्सल्टन्सीत हा प्रकार सर्रास चालतो, ती तक्रार कामगार खात्याकडे करता येते.

मैत्रेयी, भावाला अजून एक वाट आहे. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना मर्यादाच नाही. लॉटरी नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. त्याच्या विद्यापीठात किंवा एखाद्या वैद्यकीय संशोधन केंद्रात डेटाचं काम मिळतंय का ते बघू द्या. पगार कमी असेल, पण झोप लागेल.

मैत्रेयी_कोथरूड
मंडळी, काल रात्री भाऊ, आईबाबा आणि मी, चौघं फोनवर होतो. धागा त्याला पाठवलाच होता. त्याने कन्सल्टन्सीला ४ हजार कशाचे ते लेखी मागितलं. उत्तर आलं, 'जागा आज रात्री भरते, ठरव'. त्याने नाही सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, बरं केलंस.

आज तो मॅनेजरकडे गेला. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की डॅलस भागात त्याचा सध्याचा पगार दुसऱ्या पायरीत बसतो, म्हणजे दोन वेळा नाव. मॅनेजरने एचआरला विचारलं, त्यांचा समज होता की प्रत्येक नव्या अर्जाला १ लाख लागतात! विधिज्ञाताईंनी लिहिलेलं ऑक्टोबरचं स्पष्टीकरण त्याने काढून दाखवलं. कंपनीने नोंदणी करायचं मान्य केलंय. नाव निघेल न निघेल, पण जे होईल ते खऱ्या कागदांवर होईल. विद्यापीठातल्या दोन जागांसाठीही त्याने अर्ज टाकलेत.

किरण_एडिसन
उत्तम! निकाल लागला की इथे कळवा.

सह्यभटका
भावाला शुभेच्छा. डॅलसला महाराष्ट्र मंडळ आहे, त्याला गुढीपाडव्याला जायला सांगा. निकालाच्या दिवसांत मुलं एकटी बसून वेबसाईट रिफ्रेश करत राहतात. चार माणसांत असावं.

वैशाली_ह्यूस्टन
उशिरा आले धाग्यावर. विधिज्ञाताई, माझा प्रश्न वेगळा आहे. आमचा आय-१४० मंजूर आहे, प्राधान्य तारीख (ग्रीनकार्डच्या रांगेतली जागा ठरवणारी) २०१८ ची. मुलगा सतरा पूर्ण. भारतीयांच्या रांगेत अजून कितीतरी आधीच्या तारखा चालू आहेत. तो २१ चा झाला की एच-४ संपणार ना? तो चार वर्षांचा असताना आलोय आम्ही.

विधिज्ञा_शिकागो
हो, २१ पूर्ण झाल्यावर एच-४ राहत नाही. आय-१४० चा निर्णय यायला जेवढे दिवस लागले तेवढे वयातून वजा करता येतात, पण ते तारीख चालू झाल्यावर, आणि ते बहुधा काही महिनेच असतात. वर्षाला नोकरीवरची १ लाख ४० हजार ग्रीनकार्डं आणि एका देशाला ७ टक्के, हा नियम बदलल्याशिवाय रांग सरकणार नाही. त्यामुळे कॉलेजच्या अर्जांबरोबरच त्याचा स्वतःचा विद्यार्थी व्हिसा कधी घ्यायचा, याचं नियोजन आत्तापासून करा. काही विद्यापीठं अशा मुलांना राज्याच्या रहिवाशांची फी लावतात, टेक्सासमधल्या अटी प्रवेश कार्यालयाला थेट विचारा. आय-१४० ची दाखल तारीख आणि मंजुरीची तारीख, दोन्ही कागद हाताशी ठेवून मला व्यक्तिगत निरोप करा, दिवस मोजून सांगते.